ई-पुस्तक : फाईल-स्वरूपे व त्यांचे रूपांतर

संगणक, भ्रमणध्वनी किंवा खास वाचनयंत्र यांच्या पडद्यावर वाचण्यासाठी अंकीय रूपात साठविलेल्या ग्रंथास ‘ई-पुस्तक’ म्हणतात. मुद्रित ग्रंथात मजकूर, त्याची मांडणी व तो धारण करणारा कागद ही तिन्ही अंगे एकजीव असतात; वाचकाला दृष्टी, उजेड व लिपीचे ज्ञान यांखेरीज दुसरे साधन लागत नाही. ई-पुस्तकात ही अंगे एकमेकांपासून सुटी होतात. मजकूर फाईलमध्ये असतो, मांडणी वाचनाची आज्ञावली करते आणि आधार पडद्याचा असतो. अक्षरे, परिच्छेद, मथळे, चित्रे, तळटीपा, अनुक्रमणिका इ. घटक फाईलमध्ये कोणत्या क्रमाने व कोणत्या खुणांनी नोंदवावयाचे, यासंबंधीच्या नियमसंचास ‘फाईल-स्वरूप’ असे म्हणतात. यंत्राला ते स्वरूप उलगडता आले नाही, तर ग्रंथ हाताशी असूनही वाचता येत नाही. म्हणून एका स्वरूपातील ग्रंथ दुसऱ्या स्वरूपात आणणे, म्हणजे रूपांतर, ही ई-पुस्तकांच्या व्यवहारातील आरंभापासूनची गरज ठरली आहे. या स्वरूपांचा इतिहास हा केवळ तंत्राचा इतिहास नाही. ग्रंथ कोणाच्या ताब्यात राहतो आणि किती काळ वाचनीय राहतो, हा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे.

मूलभूत प्रकार : सर्व स्वरूपांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : स्थिरपृष्ठ व प्रवाही. स्थिरपृष्ठ स्वरूपात प्रत्येक अक्षराचे पृष्ठावरील स्थान निश्चित केलेले असते. पडदा मोठा असो वा लहान, पृष्ठ जसेच्या तसे दिसते. गणिती सूत्रे, कोष्टके, नकाशे व सचित्र ग्रंथ यांना हे स्वरूप सोयीचे असते. तथापि लहान पडद्यावर पृष्ठ मोठे करून ते सतत इकडून तिकडे सरकवावे लागते. प्रवाही स्वरूपात मजकुराची केवळ रचना सांगितलेली असते : हा मथळा, हा परिच्छेद, ही तळटीप. ओळी कोठे तोडावयाच्या, अक्षर केवढे दाखवावयाचे हे वाचनयंत्र त्या वेळी ठरविते. त्यामुळे मंद दृष्टीच्या वाचकास अक्षर वाढविता येते व मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप पुन्हा रचला जातो. पहिल्या वर्गाचा प्रमुख प्रतिनिधी पीडीएफ व दुसऱ्याचा ईपब होय. रूपांतरातील बहुतेक अडचणी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना उद्‌भवतात.

पूर्वेतिहास : अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील मायकेल हार्ट (१९४७–२०११) यांनी ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा विद्यापीठाच्या संगणकात टंकित करून इतरांना उपलब्ध करून दिला. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या उपक्रमाचा हा आरंभ मानतात. त्या वेळच्या साधनांमुळे हा मजकूर केवळ मोठ्या रोमन अक्षरांत टंकित झाला होता. हार्ट यांनी ॲस्की या १२८ संकेतांच्या साध्या संचाचा आग्रह धरला. या संचात तिरपी किंवा ठळक अक्षरे नाहीत, स्वरचिन्हे नाहीत, रोमनखेरीज दुसरी लिपी नाही. परंतु कोणत्याही संगणकावर ती फाईल उघडता यावी हा त्यांचा हेतू होता आणि तो सफल झाला. त्या काळातील अनेक व्यापारी स्वरूपे नामशेष झाली, तरी साध्या मजकुराच्या या फायली आजही वाचता येतात. या उपक्रमातील ग्रंथांची संख्या ७० हजारांहून अधिक झाली असून जुन्या फायलींवरून ईपब व किंडल यांसाठीच्या प्रती यंत्राद्वारे तयार करून दिल्या जातात.

साध्या मजकुरात ग्रंथाची रचना नोंदविता येत नाही, ही उणीव दुसऱ्या एका परंपरेने दूर केली. आयबीएम कंपनीतील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी १९६९ च्या सुमारास मजकुराच्या घटकांना खुणा जोडण्याची एक भाषा विकसित केली. ‘हे अक्षर मोठे छापा’ असे न सांगता ‘हा प्रकरणाचा मथळा आहे’ असे सांगावयाचे, हे तिचे मर्म होते. तिच्यातूनच एसजीएमएल ही भाषा निघाली व १९८६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. महाजालासाठी टिम बर्नर्स-ली यांनी सिद्ध केलेली एचटीएमएल आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक्सएमएल ही याच कुळातील होत. आजच्या प्रवाही ई-पुस्तकांचा पाया या भाषांनी घातला.

याच सुमारास छपाईच्या बाजूने वेगळा विचार पुढे आला. ॲडोबी कंपनीने १९८४ मध्ये मुद्रकयंत्रांसाठी पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा आणली आणि १९९३ मध्ये तिच्या तत्त्वांवर आधारलेले पीडीएफ हे स्वरूप प्रसृत केले. कोणत्याही संगणकावर पृष्ठ तंतोतंत सारखे दिसावे, हे त्याचे उद्दिष्ट होते. कार्यालये, मुद्रणालये व विद्यापीठे यांनी ते झपाट्याने स्वीकारले. दीर्घकालीन जतनासाठी त्याचा एक काटेकोर उपप्रकार २००५ मध्ये आणि मूळ स्वरूप २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाले. [⟶ मुद्रण].

वाचनयंत्रे व स्वरूपांची गर्दी : केवळ वाचनासाठी बनविलेली रॉकेट ई-बुक व सॉफ्टबुक ही यंत्रे १९९८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आली. प्रत्येकाचे स्वरूप निराळे होते आणि एकाचे पुस्तक दुसऱ्यावर चालत नसे. २००० साली या दोन्ही कंपन्या जेमस्टार या कंपनीने विकत घेतल्या व २००३ मध्ये तिने हा व्यवसायच बंद केला. दरम्यान पाम या कंपनीच्या तळहातावर मावणाऱ्या संगणकांवर पुस्तके वाचण्याचा प्रघात पडला होता. त्या यंत्रांची स्मृती तोकडी असल्याने मजकूर ४,०९६ बाइटांच्या तुकड्यांत विभागून व दाबून साठवीत. फ्रान्समध्ये २००० साली स्थापन झालेल्या मोबीपॉकेट या कंपनीने याच साच्यात एचटीएमएलचा मजकूर बसवून आपले मोबी हे स्वरूप बनविले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपली वाचन-आज्ञावली व तिचे लिट हे स्वरूप आणले. सोनी कंपनीने २००४ मध्ये जपानमध्ये लिब्रिए हे इलेक्ट्रॉनीय शाईच्या पडद्याचे वाचनयंत्र काढले. हा पडदा कागदासारखा परावर्तित प्रकाशात वाचता येई व पान पालटतानाच वीज खर्च होई. परंतु त्यासाठीही सोनीने स्वतःचे वेगळे स्वरूप योजिले होते. रशियात फिक्शनबुक हे एक्सएमएलवर आधारलेले स्वरूप लोकप्रिय झाले.

अशा रीतीने पहिल्या दहा वर्षांत स्वरूपांची संख्या वाढत गेली. प्रकाशकाला एकच ग्रंथ अनेकदा सिद्ध करावा लागे. ज्या यंत्रासाठी पुस्तक घेतले ते यंत्र बिघडले वा त्याची कंपनी बुडाली, की वाचकाचा संग्रहही निकामी होई. ग्रंथालयांनी या काळात ई-पुस्तकांपासून बहुधा दूर राहणेच पसंत केले, याचे एक कारण ही अनिश्चितता होय.

ईपब : या अडचणीवर सामाईक मानकाचा उपाय सुचविला गेला. प्रकाशक, यंत्रनिर्माते व आज्ञावलीकार यांच्या एका मंडळाने सप्टेंबर १९९९ मध्ये ‘ओपन ई-बुक’ या रचनेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. हेच मंडळ पुढे ‘इंटरनॅशनल डिजिटल पब्लिशिंग फोरम’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याने २००७ मध्ये ईपब २ हे मानक स्वीकारले. ईपब ३ हे २०११ मध्ये आले. त्यात ध्वनी, चलच्चित्रे, गणिती लेखन, उभ्या ओळींचे व उजवीकडून डावीकडे जाणारे लेखन यांची सोय झाली. २०१७ मध्ये हे मंडळ महाजालाची मानके ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियममध्ये विलीन झाले व ईपब ३.३ ही आवृत्ती या संस्थेने मे २०२३ मध्ये अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध केली.

ईपबची फाईल म्हणजे वस्तुतः अनेक फायलींचे झिप पद्धतीने बांधलेले गाठोडे असते. त्याच्या आरंभी स्वरूपाचे नाव सांगणारी एक लहानशी फाईल असते. दुसरी एक फाईल मुख्य सूची कोठे आहे ते दाखविते. मुख्य सूचीचे तीन भाग असतात : पहिल्यात ग्रंथनाम, कर्ता, भाषा, प्रकाशक इ. माहिती; दुसऱ्यात गाठोड्यातील सर्व फायलींची यादी; आणि तिसऱ्यात त्या कोणत्या क्रमाने वाचावयाच्या याचा निर्देश. या तिसऱ्या भागाला ग्रंथाचा ‘कणा’ असे सार्थ नाव आहे. प्रकरणे एचटीएमएलच्या काटेकोर रूपात, मांडणीचे नियम स्वतंत्र फायलींत व चित्रे आणि फाँट वेगळे ठेवलेले असतात. ही सर्व रचना उघड असल्याने कोणत्याही कंपनीच्या परवानगीवाचून ती वाचणारी आज्ञावली लिहिता येते. सोनीने २००९ मध्ये आपले जुने स्वरूप सोडून ईपब स्वीकारले. बार्न्स अँड नोबल, कोबो, ॲपल इ. कंपन्यांनीही तोच मार्ग धरला.

किंडल : या प्रवाहाला मोठा अपवाद ॲमेझॉन कंपनीचा होता. तिने २००५ मध्ये मोबीपॉकेट विकत घेतली आणि १९ नोव्हेंबर २००७ रोजी किंडल हे वाचनयंत्र बाजारात आणले. यंत्रातूनच बिनतारी संपर्काने पुस्तक विकत घेण्याची सोय असल्याने ते अल्पावधीत लोकप्रिय झाले. त्याचे एझेडडब्ल्यू हे स्वरूप मोबीचेच थोडे बदललेले रूप होते. २०११ मध्ये त्याची नवी पिढी व २०१५ मध्ये केएफएक्स हे आणखी गुंतागुंतीचे स्वरूप आले. ईपबची फाईल किंडल यंत्र थेट उलगडत नाही. २०२२ पासून वाचकाने पाठविलेली ईपब फाईल ॲमेझॉन स्वीकारते. परंतु आपल्या केंद्रीय संगणकांवर तिचे रूपांतर करूनच ती यंत्राकडे धाडते. उलट, विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात नेण्याची जुनी सोय तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये काढून घेतली.

रूपांतराचे तंत्र : यंत्र आणि ग्रंथ यांच्यातील ही तेढ सोडविण्याचे काम बव्हंशी मुक्त आज्ञावलींनी केले. त्यांत कॅलिबर ही सर्वांत प्रसिद्ध होय. सोनीच्या २००६ मधील वाचनयंत्राबरोबर मिळणारी आज्ञावली लिनक्स प्रणालीवर चालत नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी कोविद गोयल या भारतीय आज्ञावलीकाराने त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर एक छोटी आज्ञावली लिहावयास घेतली. आरंभी तिचे नाव त्या यंत्राच्या क्रमांकावरूनच ठेवले होते. २००८ मध्ये ते बदलून कॅलिबर झाले. तिचा स्रोत सर्वांना खुला आहे व जगभरातील स्वयंसेवकांनी तीत भर घातली आहे. विविध शास्त्रीय व तांत्रिक लेखनासाठी पॅनडॉक ही २००६ मध्ये निघालेली आज्ञावलीही वापरतात.

समजा दहा स्वरूपे आहेत आणि प्रत्येकातून इतर प्रत्येकात जावयाचे आहे, तर ९० वेगवेगळे मार्ग बांधावे लागतील. कॅलिबरमध्ये ही अडचण एका मध्यस्थ रूपाने सुटते. कोणतीही फाईल प्रथम एचटीएमएलच्या साच्यातील एका समान रूपात उलगडली जाते. या रूपावर आवश्यक ते संस्कार होतात व मग ते हव्या त्या स्वरूपात बांधले जाते. त्यामुळे दहा स्वरूपांसाठी दहा उलगडणारी व दहा बांधणारी अंगे पुरतात. संस्कारांत मथळे ओळखून अनुक्रमणिका रचणे, फाँटचे आकार यंत्राजोगे करणे, चित्रे लहान करणे, मुखपृष्ठ जोडणे इ. क्रिया येतात.

रूपांतर हे भाषांतराप्रमाणेच सर्वस्वी निर्दोष क्वचितच होते. ईपबमधून मोबीच्या जुन्या रूपात जाताना मांडणीचे बरेच नियम गळून पडत, कारण त्या रूपात ते सांगण्याची सोयच नव्हती. साध्या मजकुरातून प्रवाही रूपात येताना प्रश्न ओळींचा असतो. जुन्या फायलींत सुमारे ७० अक्षरांनंतर ओळ तोडलेली असते. ती गद्याची तुटलेली ओळ आहे की पद्याचा चरण आहे, हे यंत्राला अंदाजाने ठरवावे लागते. अंदाज चुकला, तर अभंगाचे चरण एकमेकांना जोडले जाऊन त्याचा गद्य परिच्छेद होतो. सर्वांत कठीण रूपांतर पीडीएफचे होय. पीडीएफमध्ये ‘परिच्छेद’ ही कल्पनाच बहुधा नोंदविलेली नसते. अमुक ठिकाणी अमुक अक्षराकृती, एवढेच त्यात सांगितलेले असते. पृष्ठक्रमांक व शिरोलेख मजकुरात घुसणे, दोन स्तंभांतील ओळी एकमेकींत मिसळणे, तळटीप वाक्याच्या मध्येच अवतरणे हे दोष त्यामुळे उद्‌भवतात. छापील पानांची केवळ छायाचित्रे असलेल्या पीडीएफमध्ये तर मजकूर नसतोच. तो अक्षर-ओळखीच्या आज्ञावलीने आधी वाचून घ्यावा लागतो व माणसाने तपासावा लागतो. म्हणून शक्य असेल तेव्हा मूळ रचनायुक्त फाईलवरूनच रूपांतर करावे आणि एकदा रूपांतरित झालेल्या फाईलचे पुन्हा रूपांतर टाळावे, असा जाणत्यांचा संकेत आहे.

देवनागरी ग्रंथ : मराठी व इतर भारतीय भाषांतील ग्रंथांपुढे आणखी एक अडचण होती. रोमन लिपीत एका संकेताला बहुधा एकच आकृती असते. देवनागरीत व्यंजने जोडली जातात, मात्रा मागेपुढे बसतात व रफार अक्षराच्या डोक्यावर चढतो. भारतीय लिपींसाठी इस्की ही संकेतपद्धती भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये मान्य केली. युनिकोड या जागतिक पद्धतीची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची असून तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ मधील रूपावर आधारलेला होता. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिपींच्या संगणकीय वापराला मोठी चालना दिली.

मुद्रणव्यवसायात मात्र निराळीच प्रथा रूढ झाली. श्रीलिपी, आकृती इ. आज्ञावलींच्या फाँटमध्ये देवनागरीच्या आकृती रोमन अक्षरांच्या संकेतस्थानांवर बसविलेल्या असत. पडद्यावर व कागदावर मराठी दिसे. परंतु फाईलमध्ये प्रत्यक्षात रोमन संकेतांची भेळ असे. छपाई एवढाच हेतू असताना त्याने काही बिघडत नव्हते. ई-पुस्तकाची वेळ आली तेव्हा त्याची किंमत कळून आली. तो विशिष्ट फाँट नसलेल्या यंत्रावर ग्रंथ अर्थहीन चिन्हांचा ढीग होऊन दिसे; त्यात शब्द शोधता येत नसे व तो यंत्राकडून वाचून घेता येत नसे. विसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतरची काही वर्षे अशा रीतीने अक्षरजुळणी झालेल्या मराठी ग्रंथांच्या बाबतीत हा प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना केवळ एका संकेताच्या जागी दुसरा ठेवून भागत नाही. जुन्या फाँटमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने असतात, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने असावी लागतात. ‘स्थिती’ या शब्दातील पहिली वेलांटी दिसावयास ‘स्थ’च्या आधी असते, पण युनिकोडमध्ये ती संपूर्ण जोडाक्षरानंतर नोंदवावी लागते. ‘कर्म’मधील रफार जुन्या पद्धतीत ‘म’नंतर येतो, युनिकोडमध्ये पाय मोडलेला ‘र’ हा ‘म’च्या आधी हवा. प्रत्येक फाँटची संकेतयोजना वेगळी असल्याने प्रत्येकासाठी स्वतंत्र कोष्टक करावे लागते. देवनागरी पीडीएफमधून मजकूर काढतानाही नेमका हाच प्रश्न उभा राहतो; कारण तीत आकृतींचा दृश्यक्रम नोंदलेला असतो व आकृतीपासून मूळ संकेताकडे नेणारे कोष्टक पुष्कळदा अपुरे असते.

मराठीचे काही प्रश्न खास तिचे आहेत. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांसारख्या शब्दांतील अर्ध्या ‘र’चे आडवे रूप युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येते, त्यांतील एका मार्गात अदृश्य जोडचिन्ह वापरावे लागते. रूपांतरात ते चिन्ह गळाले, तर ‘ऱ्या’ऐवजी रफार उमटतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या फायलींत ते निरनिराळ्या युक्त्यांनी लिहिलेले आढळते. परिणामी दिसावयास एकच असलेला शब्द एका ग्रंथात सापडतो व दुसऱ्यात सापडत नाही. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. ग्रंथमाहितीत भाषा ‘मराठी’ अशी अचूक नोंदलेली असेल व फाँटमध्ये सोय असेल, तरच ती आपोआप उमटतात.

युनिकोड मजकूर असूनही तो नीट दिसण्यासाठी जोडाक्षरे घडविण्याची क्षमता यंत्रात असावी लागते. विंडोज प्रणालीत ती २००० च्या आवृत्तीपासून आली. वाचनयंत्रांत ती बऱ्याच उशिरा आली. तोवर पाय मोडलेली अक्षरे व सुट्या वेलांट्या हे दृश्य नेहमीचे होते. म्हणून मराठी ई-पुस्तके दीर्घकाळ पीडीएफमध्येच निघत राहिली. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके किंडलवर आणली. महाराष्ट्राबाहेर व परदेशी असलेल्या मराठी वाचकांना यामुळे नवे ग्रंथ प्रकाशनाबरोबर मिळू लागले.

कुलूप व कायदा : अनधिकृत प्रती निघू नयेत म्हणून बरेच विक्रेते ई-पुस्तकाला सांकेतिक कुलूप लावतात. किल्ली वाचकाच्या खात्याशी किंवा यंत्राशी जखडलेली असते. अशा फाईलचे रूपांतर करता येत नाही; कॅलिबरसारखी आज्ञावलीही ते कुलूप काढीत नाही. अमेरिकेतील १९९८ च्या कायद्याने कुलूप मोडणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरविला. त्याखाली जुलै २००१ मध्ये दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन आज्ञावलीकारास लास व्हेगास येथे अटक झाली. त्याच्या मॉस्कोतील कंपनीने ॲडोबीच्या ई-पुस्तकांचे कुलूप काढणारी आज्ञावली विकली होती. डिसेंबर २००२ मध्ये ज्यूरीने कंपनीला निर्दोष ठरविले. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने प्रतामुद्रा अधिनियमात कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप मोडणे त्यानुसार दंडनीय आहे. तथापि अधिनियमाने स्पष्टपणे मनाई न केलेल्या प्रयोजनासाठी केलेल्या कृतीस ते आडकाठी करीत नाही.

कुलपाचा परिणाम वाचकाच्या हक्कावर होतो, हे दोन घटनांनी विशेष जाणवले. जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांच्या नाइन्टीन एटीफोर व ॲनिमल फार्म यांच्या काही प्रती हक्क नसलेल्या विक्रेत्याने विकल्याचे आढळताच ॲमेझॉनने त्या वाचकांच्या किंडलमधून दूरस्थपणे पुसून टाकल्या. पैसे परत मिळाले व पुढे कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. परंतु घरातील पुस्तक विक्रेता नेऊ शकतो, हे उघड झाले. एप्रिल २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि जुलैपासून तेथे विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. येथेही रक्कम परत मिळाली. मुद्रित पुस्तकाची विक्री झाली म्हणजे ते वाचकाचे होते. कुलूपबंद ई-पुस्तकाच्या बाबतीत वाचकाला बहुधा केवळ वापराचा परवाना मिळतो.

या प्रश्नाची सर्वांत तीव्र झळ अंध व मंददृष्टी वाचकांना लागते. मोकळ्या, रचनायुक्त फाईलवरून ध्वनी किंवा ब्रेल सहज करता येते. पानांच्या छायाचित्रांवरून किंवा कुलूपबंद फाईलवरून ते होत नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डेझी संघाने अशा वाचकांसाठी स्वतंत्र मानक तयार केले व त्यातील बऱ्याच कल्पना ईपबमध्ये उतरल्या. भारतातील २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी सुगम रूपात प्रत तयार करण्यास मुभा दिली. जून २०१३ मध्ये माराकेश येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला (२०१४). हा करार ३० सप्टेंबर २०१६ पासून अंमलात आला. त्याच वर्षी भारतात ‘सुगम्य पुस्तकालय’ हे या वाचकांसाठीचे अंकीय ग्रंथालय सुरू झाले. [⟶ अंधशिक्षण].

संग्रहाचे व्यवस्थापन : फायलींची संख्या वाढली की त्यांची वर्गवारी हाच मोठा प्रश्न होतो. ईपबमधील ग्रंथमाहिती ‘डब्लिन कोअर’ या नियमावलीप्रमाणे नोंदवितात. ओहायओ राज्यातील डब्लिन या गावी १९९५ मध्ये झालेल्या कार्यशाळेत तिचा पाया घातला गेला व तीत ग्रंथनाम, कर्ता, विषय, भाषा, हक्क इ. १५ मूलघटक आहेत. कॅलिबरमध्ये प्रत्येक कर्त्याचा कप्पा व त्यात प्रत्येक ग्रंथाचा उपकप्पा असतो. एकाच ग्रंथाची अनेक स्वरूपे त्यात एकत्र राहतात व सर्वांची सूची एका विदागारात ठेवली जाते. मराठी संग्रहात कर्त्याचे नाव कधी आडनावाने, कधी आद्याक्षरांनी, कधी टोपणनावाने आणि कधी रोमन लिपीत नोंदलेले असल्याने एकच लेखक चार ठिकाणी विखुरतो. नामनोंदीचा एकच नियम आरंभीच ठरविणे म्हणूनच आवश्यक ठरते.

जतनाच्या दृष्टीने काही गोष्टी सर्वमान्य झाल्या आहेत. मूळ फाईल कधीही नष्ट करू नये व रूपांतरित प्रती तिच्यासोबत ठेवाव्यात. ज्याची रचना प्रसिद्ध झालेली आहे असेच स्वरूप दीर्घकाळासाठी निवडावे. मजकूर युनिकोडमध्ये असावा. प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवाव्यात व त्या उघडतात की नाही हे ठराविक काळाने पडताळून पहावे. कागदावरील ग्रंथ कपाटात नुसता पडून राहिला तरी पुष्कळ वर्षे टिकतो. ई-पुस्तक तसे टिकत नाही. यंत्रांच्या प्रत्येक पिढीबरोबर ते नव्या स्वरूपात पुढे न्यावे लागते. पूर्वी जीर्ण होऊ लागलेल्या पोथीची नक्कल करून ठेवीत, त्याच जातीचे हे काम आहे. नक्कल करण्याचा अधिकार व साधने वाचक आणि ग्रंथालये यांच्या हाती कितपत राहतात, यावर अंकीय ग्रंथसंपदेचे आयुष्य अवलंबून राहील.